ऑनलाइन दुकानाची कीर्द-खतावणीशी जोडणी : सोलापूरच्या टॉवेल-चादर व्यापारासंबंधी एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्ही वस्तूंना भौगोलिक मानांकन प्राप्त झालेले असून, आपल्या गावाच्या नावाने देशभर ओळखल्या जाणाऱ्या मालात त्यांची गणना होते. या मालाच्या विक्रीची रूढ पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. यंत्रमागावर तयार झालेला माल गठ्ठे बांधून परगावच्या घाऊक व्यापाऱ्याकडे रवाना होतो. एका गठ्ठ्यामागे एक बिल तयार होते. व्यापारी ठरल्या मुदतीने पैसे पाठवितो. आणि कारखान्याचा दिवाणजी ती रक्कम त्या व्यापाऱ्याच्या खाती जमा करतो. दिवसाला दहा-वीस बिले असली, तरी एकच अनुभवी माणूस कीर्द आणि खतावणी दोन्ही सांभाळू शकतो.

ऑनलाइन विक्रीने या व्यवस्थेत मूलभूत पालट घडविला आहे. जो माल पूर्वी एका बिलावर जात असे, तोच आता शंभर कुटुंबांकडे शंभर पार्सलांनी जातो. व्यवहारांची संख्या वाढते, प्रत्येक व्यवहाराची रक्कम घटते, आणि प्रत्येक व्यवहाराबरोबर कमिशन, वाहतूक, करवसुली, परतावा अशी अनेक उपांगे येतात. अशा स्थितीत हाताने नोंदी करणे अशक्यप्राय होते आणि दुकानाची संगणक-आज्ञावली लेखा-आज्ञावलीशी जोडण्याची आवश्यकता उत्पन्न होते.

ही जोडणी म्हणजे एका संगणकातील माहिती दुसऱ्या संगणकात नेणे, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. माहिती नेण्याचे काम आज फारसे कठीण राहिलेले नाही. कोणत्या घटनेची नोंद कोणत्या खात्यावर, कोणत्या दिवशी आणि किती रकमेची करावयाची, हे ठरविणे मात्र कठीण आहे. ते न ठरविता केलेली जोडणी चूक टाळीत नाही. दिवाणजीच्या हातून एकदा झाली असती ती चूक ती दिवसातून शेकडो वेळा बिनबोभाट करते. सोलापूरच्या एखाद्या टॉवेल-उत्पादकाला या चुकीची किंमत काय पडते, आणि ती कशी टाळता येते, याचा विचार पुढे केला आहे.

२. हिशेबपट्टीचे तत्त्व

या प्रश्नाचे मूळ नवे नाही. बाजार समितीच्या आवारात कांदा घेऊन आलेल्या शेतकऱ्याला माल विकला गेल्यावर हिशेबपट्टी मिळते. तीत मालाचे वजन, भाव आणि एकूण किंमत प्रथम लिहिलेली असते. तिच्याखाली हमाली, तोलाई, मोटारभाडे अशा कपाती येतात. आणि शेवटी निव्वळ देय रक्कम. शेतकऱ्याच्या हाती निव्वळ रक्कम पडते, एवढ्यावरून त्याच्या कांद्याची किंमत तेवढीच होती असे कोणी म्हणत नाही. किंमत वेगळी, खर्च वेगळा आणि हाती आलेला पैसा वेगळा, हा भेद पट्टीच्या रचनेतच सांभाळलेला असतो.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने हाच भेद प्रेषण-खात्याच्या प्रकरणात अभ्यासिलेला असतो. परगावी माल पाठविणारा प्रेषक, तो विकून देणारा अभिकर्ता, आणि अभिकर्त्याने पाठविलेले विक्री-विवरण, यांच्या आधारे प्रेषक एकूण विक्री आणि तीवरील खर्च यांच्या निरनिराळ्या नोंदी करतो. ऑनलाइन बाजारपेठ ठरावीक मुदतीने विक्रेत्याकडे जे देयक-विवरण पाठविते, ते लेखाशास्त्राच्या दृष्टीने असे विक्री-विवरणच होय. कायद्याच्या दृष्टीने अर्थात एक महत्त्वाचा फरक आहे : येथे ग्राहकाला बीजक विक्रेत्याच्याच नावाने दिले जाते, आणि बाजारपेठ केवळ पैसे गोळा करून पुढे देते. परंतु या फरकामुळे वरील तत्त्व दुबळे न होता अधिकच बळकट होते. विक्री विक्रेत्याची स्वतःची असल्यामुळे ती संपूर्ण रकमेने त्याच्या वहीत आलीच पाहिजे.

या दृष्टीने पाहता प्रत्येक ऑनलाइन व्यवहारात तीन स्वतंत्र घटना संभवतात : मालाची रवानगी, देयकाची पट्टी, आणि क्वचित मालाचा परतावा. त्यांच्या तारखा निरनिराळ्या असतात. ग्राहकाने मागणी नोंदविली म्हणजे विक्री झाली असे नव्हे. माल हलविण्यापूर्वी किंवा हलविताना बीजक तयार करावे असे वस्तू व सेवा कराच्या कायद्याचे सांगणे आहे, म्हणून विक्रीची नोंद रवानगीशी बांधली पाहिजे. त्यापूर्वी ग्राहकाने भरलेली रक्कम ही अगाऊ रक्कम होय. त्याचप्रमाणे बँकेत पैसे जमा झाले त्या दिवशी विक्री झाली असेही नव्हे. तो दिवस केवळ वसुलीचा असतो.

या घटनांना जोडणारा दुवा म्हणून लेखा-आज्ञावलीत प्रत्येक बाजारपेठेसाठी एक स्वतंत्र येणे-खाते उघडावे लागते. विवेचनाच्या सोयीसाठी त्याला मध्यस्थ खाते म्हणू. रवानगीच्या दिवशी ते नावे पडते. पट्टी आली की जमा होते. कोणत्याही क्षणी त्याची बाकी म्हणजे बाजारपेठेकडे अडकलेली रक्कम. मार्चच्या अखेरच्या आठवड्यात रवाना झालेल्या मालाचे पैसे एप्रिलमध्ये आले, तर ३१ मार्चच्या ताळेबंदात ही बाकी येणे म्हणून दिसली पाहिजे. जोडणी करताना हे एक खाते विसरले गेले, तर पुढील सर्व खटाटोप व्यर्थ ठरतो.

३. एका नगाचा हिशेब

तत्त्वाचा पडताळा आकड्यांनी घेतला पाहिजे. असे समजू की, सोलापूरच्या एका नोंदणीकृत उत्पादकाने ऑनलाइन बाजारपेठेमार्फत हैदराबादच्या ग्राहकाला एक टॉवेल १,००० रुपयांना विकला. त्यावर ५ टक्के दराने ५० रुपये एकात्मिक कर झाला. ग्राहकाने १,०५० रुपये भरले. बाजारपेठेने कमिशनचे १०० आणि वाहतुकीचे ८० रुपये आकारले. या १८० रुपयांच्या सेवेवर १८ टक्क्यांनी ३२.४० रुपये कर लागला. (कमिशन व वाहतुकीचे आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत.) याशिवाय दोन वैधानिक कपाती झाल्या. पहिली, केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या कलम ५२ अन्वये होणारी उद्गमस्थानी करवसुली. ती १ ऑक्टोबर २०१८ पासून १ टक्का दराने सुरू झाली आणि १० जुलै २०२४ पासून तिचा दर अर्धा टक्का करण्यात आला. येथे ती ५ रुपये होते. दुसरी, प्राप्तिकराची उद्गमस्थानी कपात. १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमात कलम १९४-ओ १ ऑक्टोबर २०२० पासून अमलात आले. १ टक्क्याचा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का झाला. येथे ती १ रुपया होते. (१ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख ठरवून संमत झालेल्या २०२५ च्या प्राप्तिकर अधिनियमात कलमांचे क्रमांक बदलतात; कपातीचे तत्त्व तेच राहते.)

कपातींची बेरीज २१८.४० रुपये होते आणि उत्पादकाच्या बँक-खात्यात ८३१.६० रुपये जमा होतात. योग्य नोंदी पुढीलप्रमाणे होतात.

रवानगीच्या दिवशी :
मध्यस्थ खाते, नावे : १,०५०.००
विक्री खाते, जमा : १,०००.००
देय एकात्मिक कर, जमा : ५०.००

पट्टी आल्यावर :
कमिशन खाते, नावे : १००.००
वाहतूक खाते, नावे : ८०.००
इनपुट टॅक्स क्रेडिट, नावे : ३२.४०
वस्तू व सेवा कराची उद्गमस्थानी वसुली, नावे : ५.००
प्राप्तिकराची उद्गमस्थानी कपात, नावे : १.००
बँक खाते, नावे : ८३१.६०
मध्यस्थ खाते, जमा : १,०५०.००

आता सर्रास आढळणारी सदोष रीत पाहू. दिवाणजी किंवा घाईने बसविलेली जोडणी बँकेत आलेल्या ८३१.६० रुपयांनाच करासह विक्री समजते. ५ टक्के कर आतून वेगळा काढला म्हणजे विक्री ७९२ रुपये आणि कर ३९.६० रुपये ठरतो. परिणामी उलाढाल २०८ रुपयांनी कमी दिसते आणि १०.४० रुपये कर कमी भरला जातो. त्याच वेळी उत्पादकाच्या हक्काचे इनपुट टॅक्स क्रेडिटचे ३२.४० रुपये, करवसुलीचे ५ रुपये आणि प्राप्तिकराचा १ रुपया, असे एकूण ३८.४० रुपये वहीत कोठेच येत नाहीत. म्हणजे एकाच नोंदीने तो शासनाचा १०.४० रुपयांचा देणेकरी होतो आणि स्वतःच्या ३८.४० रुपयांना मुकतो. अशा १,००० नगांवर उलाढालीतील तूट २,०८,००० रुपयांची होते.

ही तूट झाकून राहत नाही. बाजारपेठ चालविणाऱ्या कंपनीला प्रत्येक विक्रेत्याच्या विक्रीचा तपशील दरमहा जीएसटीआर-८ या विवरणपत्रात, पुढील महिन्याच्या १० तारखेपर्यंत, द्यावा लागतो. त्या तपशिलाचा विक्रेत्याच्या विवरणाशी मेळ घालण्याची आणि तफावत राहिल्यास ती त्याच्या करदायित्वात मिळविण्याची तरतूद कलम ५२ मध्येच आहे. ज्याने एक पैसाही लपविण्याचा हेतू बाळगला नाही, अशा उत्पादकावर केवळ चुकीच्या जोडणीमुळे खुलासा करण्याची पाळी येते. व्यापाराच्या दृष्टीने याहूनही मोठी हानी वेगळी आहे. कमिशन आणि वाहतूक ही खर्च म्हणून कधी दिसतच नसल्यामुळे घाऊक गठ्ठा विकणे आणि सुटा नग विकणे यांत अधिक किफायतशीर काय, या साध्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या वहीतून मिळत नाही.

४. मूळ यादीची जुळणी

नोंदींचा साचा ठरल्यावर दुसरा टप्पा येतो, तो दोन्ही बाजूंच्या याद्यांची जुळणी करण्याचा. दुकानाच्या यादीत माल ग्राहकाच्या दृष्टीने मांडलेला असतो. लेखा-आज्ञावलीत तो गोदामाच्या दृष्टीने. दुकानात जो ‘तीन टॉवेलांचा भेटसंच’ असतो, तो गोदामात एक मोठा टॉवेल आणि दोन हातरुमाल असतो. दुकानात एकाच चादरीखाली चार रंग दिसतात. गोदामात ते चार निराळे माल असतात. घाऊक विक्री डझनावर किंवा वजनावर होते, सुटी विक्री नगावर. यास्तव प्रत्येक विक्रीयोग्य प्रकाराला एक कायम संकेतांक द्यावा, तो दोन्ही बाजूंना एकच असावा, आणि संच कोणत्या मालांचा बनतो याचा तक्ता जोडणीपूर्वीच तयार असावा. नावावरून जुळणी करणे टाळावे. ‘डबल चादर निळी’ आणि ‘निळी डबल चादर’ हे संगणकाला दोन भिन्न पदार्थ वाटतात.

कराचा दर हा या यादीतील सर्वांत नाजूक भाग होय. टॉवेल, चादर यांसारख्या ६३व्या प्रकरणातील तयार कापडी वस्तूंवर पूर्वी नगाला १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के कर असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ही मर्यादा २,५०० रुपये झाली आणि तिच्यापुढील दर १८ टक्के झाला. म्हणजे दर हा वस्तूचा गुणधर्म नाही. तो वस्तू, तिची प्रत्यक्ष विक्री-किंमत आणि तारीख या तिहींवर अवलंबून आहे. २,६०० रुपये करपूर्व किंमत असलेल्या चादरीवर ४६८ रुपये कर होतो. तीच चादर सणाच्या सवलतीत २,४५० रुपयांना दिली तर १२२.५० रुपये. मालाच्या नावापुढे एकच दर कायमचा लिहून ठेवणारी जोडणी सवलतीच्या पहिल्याच दिवशी चुकते.

येथे एक सूक्ष्म अडचणही उद्भवते. ऑनलाइन दुकानात किंमत करासह दाखविली जाते आणि आज्ञावली तीतून कर मागे मोजून काढते. ५ टक्के दर धरल्यास करपूर्व किंमत २,५०० रुपयांच्या आत राहण्यासाठी दर्शनी किंमत २,६२५ रुपयांपर्यंत असावी लागते. १८ टक्के दर धरल्यास करपूर्व किंमत २,५०० रुपयांच्या वर जाण्यासाठी दर्शनी किंमत २,९५० रुपयांहून अधिक हवी. मधल्या पट्ट्यात कोणताच दर स्वतःशी सुसंगत राहत नाही. उदाहरणार्थ, २,८०० रुपये दर्शनी किमतीतून ५ टक्क्यांनी मागे मोजल्यास २,६६६.६७ रुपये येतात, म्हणजे १८ टक्के दर लागावयास हवा. १८ टक्क्यांनी मागे मोजल्यास २,३७२.८८ रुपये येतात, म्हणजे ५ टक्के दर लागावयास हवा. हा गुंता कोणत्याही आज्ञावलीने सुटणारा नाही. करपूर्व किंमत प्रथम ठरवून त्यावर कर चढविणे, आणि दर्शनी किंमत या पट्ट्यात पडू न देणे, हाच त्यावर उपाय आहे.

पुरवठ्याचे स्थान ही अशीच दुसरी बाब. महाराष्ट्रातील ग्राहकाच्या विक्रीवर केंद्रीय आणि राज्य कर निम्मे-निम्मे लागतात. परराज्यातील ग्राहकाच्या विक्रीवर एकात्मिक कर लागतो. सोलापूर हे कर्नाटकाच्या सीमेलगतचे आणि तेलंगणाशी जुने संबंध असलेले शहर असल्याने हा भेद येथे रोजचा आहे. पुण्यातील एखाद्या गृहस्थाने कलबुर्गीच्या बहिणीसाठी चादर मागविली, तर बिलाचा पत्ता पुण्याचा आणि पोहोच कर्नाटकात, असे होते. नोंदणी नसलेल्या ग्राहकाच्या बाबतीत दोन पत्ते भिन्न असतील तेव्हा पोहोचीचा पत्ता ग्राह्य धरावा, असा खुलासा २६ जून २०२४ च्या २०९ क्रमांकाच्या परिपत्रकाने केला आहे. बिलाच्या पत्त्यावरून राज्य उचलणारी जोडणी असा प्रत्येक व्यवहार चुकीच्या कराखाली टाकते. एकूण रक्कम बरोबर असल्याने ही चूक बँकेच्या हिशेबात कधीच दिसत नाही.

५. जोडणीचे मार्ग

प्रत्यक्ष जोडणीचे तीन मार्ग प्रचारात आहेत. पहिल्या मार्गात दुकानातून विक्रीची यादी फाइलच्या रूपाने उतरवून घ्यावयाची आणि ठरलेल्या साच्यात बसवून लेखा-आज्ञावलीत चढवावयाची. दिवसाला थोडीच पार्सले जात असतील तर हा मार्ग पुरेसा आहे, आणि नोंदींचा साचा बरोबर बसला की नाही हे पाहण्यासाठी प्रारंभी तोच उत्तम. दुसऱ्या मार्गात दोन्ही आज्ञावल्या एकमेकींशी थेट बोलतात : शॉपिफाय किंवा वूकॉमर्ससारखे दुकान एखादी घटना घडताच वेबहुकद्वारे तिची वर्दी देते आणि झोहो बुक्ससारखी लेखा-आज्ञावली आपल्या एपीआयच्या द्वारे ती नोंदवून घेते. तिसऱ्या मार्गात या दोहोंमध्ये एक मध्यस्थ आज्ञावली बसविली जाते. अनेक बाजारपेठा, स्वतःचे संकेतस्थळ आणि दुकानाचा गल्ला यांचा माल एकाच गोदामातून जात असेल, तेथे हा मार्ग सोयीचा पडतो.

आपल्याकडे व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर टॅलीचा प्रसार मोठा आहे. तिच्या रचनेचा एक परिणाम ध्यानात ठेवला पाहिजे. टॅली बहुधा पेढीतील संगणकावर चालते. बाहेरील आज्ञावलीकडून ती एक्सएमएल स्वरूपातील व्हाउचर स्वीकारू शकते, परंतु त्यासाठी तो संगणक चालू असावा लागतो आणि संबंधित कंपनीची वही उघडी असावी लागते. रात्री पेढी बंद झाल्यावर दुकान मात्र उघडेच असते. म्हणून रात्री आलेल्या घटना कोठेतरी रांगेत साठवून सकाळी क्रमाने चढविण्याची व्यवस्था करावी लागते.

रांग आली की पुनरुक्तीचा धोका येतो. वर्दी पोहोचली की नाही याची शंका आल्यास पाठविणारी आज्ञावली ती पुन्हा पाठविते. घेणाऱ्या बाजूने ती प्रत्येक वेळी नवी मानली, तर एकच टॉवेल वहीत दोनदा विकला जातो. यावर उपाय असा की, प्रत्येक नोंदीत दुकानाचा मागणी-क्रमांक आणि घटनेचा प्रकार कायम लिहावा, आणि तीच जोडी आधी आलेली असल्यास नवी नोंद करू नये. मागणी-क्रमांक आणि बीजक-क्रमांक मात्र एक समजू नयेत. बीजक-क्रमांक सलग, आर्थिक वर्षात एकमेव आणि सोळा अक्षरांहून अधिक नसलेला असावा लागतो. रद्द झालेल्या मागण्यांमुळे मागणी-क्रमांकांत खंड पडतात.

माहितीच्या प्रवाहाची दिशाही एकदाच आणि स्पष्टपणे ठरवावी. विक्रीची माहिती दुकानाकडून वहीकडे जावी. शिल्लक मालाची माहिती गोदामाकडून दुकानाकडे जावी. दोन्ही बाजूंना दोन्ही गोष्टी बदलण्याची मुभा दिली, तर चाटी गल्लीतील गल्ल्यावर सकाळी विकलेली शेवटची चादर दुपारी ऑनलाइन दुकानातही विकली जाते.

स्वतःच्या संकेतस्थळावरील विक्रीचा साचा थोडा निराळा असतो. तेथे बाजारपेठ नसल्याने कलम ५२ ची करवसुली होत नाही. परंतु पैसे गोळा करणारी पेमेंट गेटवे कंपनी आपले शुल्क आणि त्यावरील कर कापून उरलेली रक्कम एकत्रितपणे पाठविते. म्हणून मध्यस्थ खाते तेथेही लागतेच. फक्त ते गेटवेच्या नावाचे असते. पार्सल पोहोचविताना रोख घेतलेल्या रकमेसाठी कुरिअर कंपनीचे तिसरे खाते उघडावे.

६. परत आलेला माल

परताव्याच्या बाबतीत जोडणीची खरी परीक्षा होते. विक्री रद्द झाली म्हणून मूळ नोंद पुसून टाकणे ही त्यातली सर्वांत वाईट रीत. बीजक एकदा दिले गेले की त्याची दुरुस्ती कलम ३४ अन्वये क्रेडिट नोटने करावयाची असते, आणि कर कमी करून घेण्यासाठी ती आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, अथवा वार्षिक विवरण त्यापूर्वी भरल्यास तोपर्यंत, विवरणपत्रात दाखवावी लागते. तेव्हा परतावा ही स्वतःची तारीख असलेली स्वतंत्र घटना मानून तिची नोंद व्हावी.

वरील उदाहरणातील टॉवेल परत आला, तर विक्रीचे १,००० आणि कराचे ५० रुपये उलट फिरतात. वाहतुकीचे ८० रुपये मात्र बहुधा फिरत नाहीत, आणि परतीच्या वाहतुकीचा आकार वर चढतो. मालाचेही दोन प्रकार होतात : पुन्हा विकण्याजोगा माल गोदामात परत घ्यावा, मळलेला वा धुतलेला टॉवेल वेगळ्या खात्यावर, घटलेल्या किमतीने घ्यावा. हा निर्णय संगणक करू शकत नाही. गोदामातील माणसाने पार्सल उघडून तो करावयाचा असतो. म्हणून परताव्याची पैशाची बाजू आपोआप नोंदवावी आणि मालाची बाजू माणसाच्या मान्यतेसाठी थांबवावी, ही विभागणी इष्ट होय. परताव्यावर नेमका किती खर्च होतो, हे अशा नोंदींतूनच कळते.

७. मेळ

जोडणी बसली म्हणजे काम संपले असे नाही. दिवाणजी पूर्वी रोजमेळ घालीत असे. येथेही मेळ लागतो, परंतु तो तीन ठिकाणी घालावा लागतो. पहिला, दुकानातील रवाना मागण्या आणि वहीतील विक्री यांचा, दररोज, नगांनी व रकमेने. दुसरा, प्रत्येक पट्टी आणि बँकेतील जमा रक्कम यांचा. तिसरा, महिन्याअखेर, वहीतील विक्री, बाजारपेठेच्या जीएसटीआर-८ मधील तपशील आणि कमिशनच्या बीजकांचे जीएसटीआर-२बी मध्ये उतरलेले इनपुट टॅक्स क्रेडिट यांचा. करवसुलीची रक्कम विक्रेत्याने पोर्टलवर मान्य केल्यानंतरच त्याच्या इलेक्ट्रॉनिक रोख खातेवहीत जमा होते. ती आपोआप मिळेल असे समजून स्वस्थ बसणे नुकसानीचे ठरते.

तिन्ही मेळ बरोबर असतील, तर मध्यस्थ खात्याची बाकी ही अद्याप पट्टी न आलेल्या मागण्यांच्या बेरजेइतकीच राहते. जुन्या मागण्यांची बाकी तेथे तुंबून राहू लागली, तर पैसे आले नाहीत, परतावा नोंदला गेला नाही, किंवा एखादी घटना दोनदा आली, यांपैकी काहीतरी घडले आहे असे निश्चित समजावे. पैशांच्या पूर्णांकामुळे होणारा किरकोळ फरक वेगळ्या खात्यावर टाकावा. त्या खात्यालाही मर्यादा असावी, अन्यथा ते सर्व चुकांचे आश्रयस्थान बनते.

दुरुस्तीचा मागही राहिला पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी कंपन्यांनी प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी आणि ती नोंद बंद करता न येणारी लेखा-आज्ञावलीच वापरावी, असा नियम आहे. भागीदारी किंवा एकल मालकीच्या पेढीला तो लागू नाही. परंतु ज्या वहीत यंत्र नोंदी करते, तेथे कोणती नोंद यंत्राची आणि कोणती माणसाची, हे ओळखता येणे सर्वांनाच हिताचे आहे.

८. उपसंहार

या सर्व विवेचनावरून असे दिसून येईल की, जोडणीचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम खाती आणि घटना ठरवाव्यात. नंतर याद्या जुळवाव्यात. मग महिनाभर फाइलच्या मार्गाने नोंदी चढवून मेळ घालून पाहावा. आणि तो सतत बरोबर येऊ लागल्यावरच यंत्राच्या हाती कारभार द्यावा. व्यवहारात पुष्कळदा हा क्रम उलटा होतो. आज्ञावली प्रथम विकत घेतली जाते, आणि खात्यांचा विचार पहिली नोटीस आल्यावर सुरू होतो.

वाणिज्य, संगणकशास्त्र आणि वस्त्रव्यवसाय या तिन्ही विषयांच्या अभ्यासकांना येथे एकत्र काम करण्यास वाव आहे. संगणकाच्या विद्यार्थ्याला पुनरुक्तीचा धोका चटकन दिसतो, परंतु क्रेडिट नोटेची मुदत दिसत नाही. वाणिज्याच्या विद्यार्थ्याचे याच्या उलट असते. आणि भेटसंच कोणत्या नगांचा बनतो हे गोदामातील माणसाखेरीज कोणालाच ठाऊक नसते. एखाद्या पेढीच्या संमतीने तिच्या एका महिन्याच्या पट्ट्या घेऊन, ग्राहकांची नावे व पत्ते वगळून, वरील तीन मेळ हाताने घालून पाहणे हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी उत्तम पाठ ठरेल. बाजारपेठेकडे गेलेल्या प्रत्येक १,०५० रुपयांतून ८३१.६० रुपये का परत आले, हे ज्या उत्पादकाला आपल्या वहीवरून सांगता येते, त्यालाच पुढच्या हंगामात टॉवेलाचा भाव काय ठेवावा हेही सांगता येते.